काखेतून की घडीतून, विचारलंस म्हणून लिहितेय

अगं, डाग दिसेल की नाही हा शेवटचा प्रश्न आहे आणि तू तोच पहिला धरून बसलीयेस. स्तनात इम्प्लांट बसवायचं ऑपरेशन करावं की नाही यात मी पडत नाही, शरीर तुझं, पैसे तुझे, तू विचार करून ठरवलंयस. पण एक डॉक्टर म्हणाले कट काखेतून घेऊ, दुसरे म्हणाले स्तनाखालच्या घडीतून, आणि काल रात्री तू बेंबीतून करतात तो रील पाठवलास तेव्हा मात्र राहवलं नाही. बेंबीचं आधी संपवते. तिथून फक्त सलाईनचं, म्हणजे मिठाच्या पाण्याचं, इम्प्लांट जातं, रिकामी पिशवी गुंडाळून आत सरकवायची आणि मग भरायची. तुला सिलिकॉन हवंय, ते भरलेलंच येतं. विषय संपला.

माझी अख्खी नर्सची नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, त्यातली बरीचशी प्लास्टिक सर्जरीच्या टेबलाशी. तिथे उभं राहून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की कट घेतात तो सर्जनला आतलं नीट दिसावं म्हणून. आधी आतलं काम, मग डाग. घडीतला कट दीड-दोन इंचाचा असतो, पण कट उघडा धरणारा रिट्रॅक्टर लावला, लाईट टाकला की स्नायू कुठेय, रक्त कुठून येतंय, इम्प्लांट बसायची जागा, म्हणजे पॉकेट, दोन्हीकडे सारखं झालंय का, सगळं समोर. इम्प्लांट उघडायच्या आधी ग्लोव्हज बदलायचे, निप्पलवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली, इम्प्लांट अँटिबायोटिकच्या पाण्यात बुडवलेलं आणि त्याला हात कमीत कमी लावायचा. एवढं सोवळं कशासाठी? तर दुधाच्या नळ्यांमध्ये जंतू असतातच, अगदी निरोगी बाईच्याही, आणि ते इम्प्लांटला चिकटले की शरीर त्याच्याभोवती जे आवरण करतं ते आवळत जाऊ शकतं, छाती कडक होते, दुखते, आकार बिघडतो.

निप्पलभोवतीच्या गडद भागाच्या कडेने कट घेतला तर रस्ता याच नळ्यांमधून जातो. डाग तिथे छान लपतो हे खरंय, दोन रंगांच्या सीमेवर असतो ना. पण आवळण्याचा धोका जास्त, पुढे अंगावर पाजताना दूध कमी पडण्याची शक्यताही वाढते, आणि मुलं हवीत असं तूच म्हणालीस. शिवाय तो भाग लहान असेल तर तिथून सिलिकॉन मावतच नाही.

काखेला मी सरसकट वाईट म्हणत नाही. दुर्बीण वापरणारा, हात बसलेला सर्जन असेल तर काम चांगलं होतं आणि छातीवर खरंच काही राहत नाही. पण लांबून काम करायचं, खालची बाजू हाताशी नाही, इम्प्लांट जरा वरच राहून जाण्याची भीती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी त्या क्लिनिकमध्ये तुला कोणी सांगितली नाही, ती म्हणजे दुसरं ऑपरेशन. इम्प्लांट जन्मभराचं नसतं गं! औषधं-उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये सांगितलंय की सिलिकॉन असेल तर पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करायची, मग दर दोन-तीन वर्षांनी. फाटलं, आवळलं, सरकलं तर परत उघडावं लागतं, आणि काखेतून ती दुरुस्ती बहुतेक वेळा जमत नाही, खाली नवा कट घ्यावाच लागतो. म्हणजे डाग नको म्हणून काखेत गेलीस आणि डाग दोन्हीकडे. घडीतलं मात्र त्याच जुन्या रेघेवरून उघडता येतं.

अशी एक मुलगी आमच्याकडे आली होती, पहिलं ऑपरेशन दुसरीकडे झालेलं. तिची आई कॉरिडॉरमध्ये मला म्हणाली, सिस्टर, हे आम्हाला आधी कोणीच कसं सांगितलं नाही? तिचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी न विचारता बोलायला लागले. एका सीनियर सर्जननी सुनावलं, पेशंटला सल्ला देणं तुमचं काम नाही. नसेल. मी फक्त डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगत होते, आणि ते सांगायलाच हवं होतं असं मी आजही म्हणेन, ज्या बाईचं अंग कापणार तिला आत काय करणार ते कळायला नको?

तुझी अडचण कळते मला. तुझी घडी जेमतेम आहे, आडवं झालं की रेघ दिसेल. बरोबर. पण इम्प्लांट बसलं की घडी खाली येऊ शकते, म्हणून कट जुन्या रेघेवर न घेता नवी घडी जिथे येणार तिथे आखायचा असतो, भूल द्यायच्या आधी, तुला उभं करून, मार्करने. हे चुकलं की रेघ स्तनावर चढते. तेव्हा डाग दिसेल का हे विचारू नकोस, नवी घडी कुठे येणार आणि ते कशावरून ठरवलं हे विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर उठून ये.

आणि डागाचीच एवढी काळजी असेल तर दंडावरचा बीसीजीचा व्रण फुगलाय का बघ, कान टोचले तिथे गाठ आली होती का आठव, आणि ते डॉक्टरांना सांग, कारण केलॉइड येणारी, म्हणजे व्रणाची जाड गाठ होणारी, कातडी असेल तर कट कुठेही घेतला तरी तो फुगू शकतो. रेघ फिकी व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. लग्नाच्या ब्लाऊजचं म्हणशील तर लक्ष्मी रोडवर कितीही खोल गळा शिवून घे, घडीतलं काही दिसत नाही, स्लीव्हलेसमध्ये काख मात्र दिसते. परत तेच सांगते, आधी आतलं, मग डाग.

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का बघ, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर माग, लाजायचं काही कारण नाही. ते स्वतः नेहमी कुठून करतात हेही विचार, ज्यांचा हात घडीला बसलाय त्यांना तुझ्या हट्टापायी काखेतून करायला लावू नकोस. इम्प्लांटचं कार्ड घेतल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नकोस.

तारीख ठरली की कळव. डॉक्टर हो म्हणेपर्यंत ॲक्टिव्हा बंद, वरच्या कप्प्यातलं काही काढायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस माझ्याकडेच राहायला ये, आईला काय सांगायचं ते तू ठरव, त्यात मी नाही.

तुझी,
मावशी