आधी मुलाजवळ, मग मसुद्याकडे

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) आहे. प्रमाणपत्र, थेरपी, शाळा यासाठी आई सारख्या परभणीच्या खेपा घालते आणि दर टेबलावर नवीनच काहीतरी सांगतात. अशा मुलांना सेवा कशी द्यायची, याच्या मार्गदर्शक सूचना तयार करणाऱ्यांत मला जायचंय. कोणता कोर्स करू?

उत्तर : सूचना लिहिण्याची अशी वेगळी पदवी नाही, आणि बी.ए. झाल्या झाल्या थेट धोरणाच्या कोर्सला जाऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी मुलांबरोबर काम कर. का, ते सांगते.

एका शाळेत रॅम्प पाहिला होता. जोतं दीड फुटाचं, उतार जेमतेम पाच फुटांचा. चौथीतल्या मुलाची चाकाची खुर्ची शिपायाने मागून रेटली, ती अर्ध्यावर अडली. शेवटी दोघांनी पोराला खुर्चीसकट उचललं. प्रमाण एकास बारा, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट उतार हवा. तपासणीच्या कागदावर मात्र ‘रॅम्प : आहे’. ‘आहे का’ऐवजी ‘किती लांब’ असा रकाना ठेवायला ती खुर्ची ढकललेला माणूसच लागतो.

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी होते. पण मोठ्या दवाखान्यात दाखवायची चिठ्ठी मिळाल्यावर लेकराला जिल्ह्याला कोण नेणार, रोजगार बुडवून? लिहायचं काम इथेच आहे.

तुझ्यासाठी रस्ता : विशेष शिक्षणातलं (दिव्यांग मुलांना शिकवण्याचं) बी.एड. सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचीही चौकशी कर. परभणीहून थेट रेल्वे आहे. मग तीन-चार वर्षं शाळेत किंवा थेरपी केंद्रात काम, त्यानंतर एम.एड. किंवा एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी). सूचनांचा मसुदा करणाऱ्या समित्यांचा विचार तेव्हा.

भारताने २००७मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारानुसार असे निर्णय घेताना दिव्यांग मुलांचंही म्हणणं घ्यायचं असतं. म्हणून आजच वही घाल. आईच्या प्रत्येक खेपेची तारीख, मागितलेला कागद, गेलेला वेळ लिही. भावालाही विचार, त्याला कुठे त्रास झाला.

प्रवेशाआधी कॉलेजचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या (अशा कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) यादीत बघ. नसेल तर फी भरू नकोस. परिषदेची नोंदणी मिळणार नाही.