वाचकांचे प्रश्न: गुठळ्या, पोकळ्या आणि नऊ प्रयोगांचे कोष्टक

प्रश्न: पदव्युत्तर प्रकल्पासाठी ६०६१ अॅल्युमिनियममध्ये (मॅग्नेशियम व सिलिकॉन असलेला मिश्रधातू) सिलिकॉन कार्बाइडचे कण ढवळून संमिश्र ओतले. वजनाने ५, १० आणि १५ टक्के असे प्रमाण घेतले. काठिण्य वाढत गेले, पण १० टक्क्यांनंतर ताणबल घसरले. असे का झाले?

उत्तर: काठिण्यचाचणी एका ठिपक्यापुरते पाहते, ताणचाचणी नमुन्यातली सर्वांत कमजोर जागा शोधते. तुमच्या नमुन्यांत ती जागा बहुधा कणांची गुठळी किंवा हवेची पोकळी असेल. आधी घनता मोजा. सैद्धांतिक घनता काढताना पुष्कळ जण वजनाच्या टक्क्यांची थेट सरासरी घेतात, ते चूक आहे. १० टक्क्यांसाठी ०.९ भागिले २.७० (अॅल्युमिनियमची घनता) आणि ०.१ भागिले ३.२१ (सिलिकॉन कार्बाइडची) यांची बेरीज करून तिचा व्यस्त घ्या. उत्तर २.७४ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर येते. मोजलेली घनता २.६३ भरली, तर सुमारे ४ टक्के जागा पोकळ आहे. इतकी पोकळी असताना कणांचा परिणाम मोजतो आहोत असे म्हणता येत नाही. पाण्यात वजन करताना नमुन्याला बुडबुडे चिकटले तर घनता खोटी कमी दिसते, म्हणून पाण्यात साबणाचा थेंब टाका.

गुठळ्यांचे मूळ असे की वितळलेले अॅल्युमिनियम ओतकामाच्या नेहमीच्या तापमानाला सिलिकॉन कार्बाइडला नीट भिजवत नाही. कणांवर ओलावा आणि हवेचा थर असेल तर आणखीच वाईट. पहिल्या प्रयत्नांत ३० ते ४० मायक्रॉनचे कण घ्या. १० मायक्रॉनच्या खालची पूड फार गुठळते. पूड १००० ते ११०० अंश सेल्सियसला दोन तास भाजली की तिच्यावर सिलिकाचा पातळ थर येतो आणि भिजणे सुधारते. मात्र हा थर मॅग्नेशियम खातो. ६०६१ ला उष्णतोपचाराने जी ताकद येते ती याच मॅग्नेशियममुळे. म्हणून वजनाच्या सुमारे १ टक्का मॅग्नेशियम वरून द्या. ते अॅल्युमिनियमच्या पत्र्यात गुंडाळून रसाच्या आत दाबा, नाहीतर पृष्ठभागावरच जळून जाते. त्याहून बरेच जास्त घातले तर रस घट्ट होतो आणि वायू बाहेर पडत नाही.

ढवळणीचे पाते तळापासून एक तृतीयांश उंचीवर ठेवा आणि गरम पूड बारीक धारेने भोवऱ्याच्या कडेला सोडा. भोवरा खोल गेला की हवा ओढली जाते. १५ टक्क्यांना पोकळ्या वाढण्याचे हे एक मोठे कारण, कारण जास्त पूड मिसळायची म्हणून माणूस वेग वाढवतो. वेग वाढवण्यापेक्षा पूड सोडण्याचा वेळ वाढवा. ओलसर पूड रसात कधीच टाकू नका, धातू उसळून अंगावर येतो.

प्रश्न: कणांचे प्रमाण, वेग, वेळ आणि तापमान हे चार घटक, प्रत्येकी तीन पातळ्या, टागुचीच्या एल-९ कोष्टकात (सगळ्या जोडण्यांऐवजी निवडक नऊ प्रयोगांची मांडणी) मांडले. सॉफ्टवेअर एफ-मूल्य (घटकाचा परिणाम त्रुटीच्या किती पट आहे तो आकडा) देत नाही. सर्वांत लहान घटक त्रुटीत मिसळायला सांगितले आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर: नाही. नऊ प्रयोगांतून आठ स्वातंत्र्यांश, म्हणजे माहितीचे स्वतंत्र तुकडे, मिळतात. तीन पातळ्यांचा प्रत्येक घटक दोन खातो, चार घटकांत आठही संपतात आणि त्रुटीसाठी काही उरत नाही. सर्वांत लहान आकडा निवडून त्याला त्रुटी म्हटले, की बाकीचे घटक आपोआप महत्त्वाचे दिसू लागतात. शिवाय वेग आणि वेळ पहिल्या दोन स्तंभांत असतील, तर त्यांचा परस्परपरिणाम (एकाचा परिणाम दुसऱ्याच्या पातळीवर अवलंबून असणे) उरलेल्या दोन स्तंभांतच मिसळतो. ढवळण्यात असा परस्परपरिणाम असणारच, त्यामुळे तिथे तापमानाचा म्हणून दिसणारा परिणाम खरोखर तापमानाचा आहे का, हे ठरवता येत नाही.

कोष्टकातली पातळ्यांची प्रत्येक जोडणी दोनदा ओता. १८ ओतांतून त्रुटीसाठी नऊ स्वातंत्र्यांश मिळतील. एकाच ओतातून कापलेले तीन नमुने म्हणजे पुनरावृत्ती नव्हे. त्यांतला फरक ओतातल्या असमानतेचा, भट्टी पुन्हा पेटवल्यावर काय बदलते ते त्यांतून कळत नाही. ही चूक फार प्रबंधांत दिसते. इतके ओत जमत नसतील तर दोन पातळ्यांचे आठ ओत आणि मध्यबिंदूचे (सर्व घटक दोन पातळ्यांच्या मधोमध) तीन, असे अकरा घ्या. अशा अर्ध्या घटकीय मांडणीत (शक्य सोळा जोडण्यांपैकी निम्म्याच) मुख्य परिणाम जोडींच्या परस्परपरिणामांपासून वेगळे राहतात आणि मध्यबिंदू वक्रता दाखवतात. ओतांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. पोलादी पाते झिजून रसात लोखंड मिसळत जाते, आणि चढत्या क्रमाने ओतले तर तो दोष कणांच्या माथी जातो. शेवटी निवडलेल्या जोडणीचे निदान तीन नवे ओत करून अंदाजाशी ताडा.

प्रश्न: पॉलिश केलेल्या नमुन्यावर दोन दिवसांत पांढरी पूड का येते?

उत्तर: रस फार गरम किंवा फार वेळ ठेवला की त्याची सिलिकॉन कार्बाइडशी क्रिया होऊन अॅल्युमिनियम कार्बाइड बनते. ते ठिसूळ असते आणि पाण्याशी संयोग होऊन मिथेन व हायड्रॉक्साइड देते. तुमची पांढरी पूड बहुधा हेच हायड्रॉक्साइड आहे. ६०६१ मध्ये सिलिकॉन ०.४ ते ०.८ टक्केच, म्हणून ही क्रिया रोखणारे काही नसते. सुमारे ७ टक्के सिलिकॉनची ए-३५६ ही अॅल्युमिनियमची मिश्रधातू घेतली तर ती बरीच दबते. तोवर शेवटचे पॉलिश पाण्याऐवजी अल्कोहोलमध्ये करा आणि रस ७५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका.