वाचकांचे प्रश्न : मंडाले गाजलं, पण घाव मेइकतिलावर

प्रश्न : 1945 मध्ये ब्रह्मदेशात जपानी फौज मोडली ती मंडाले पडल्यामुळे, असं वाचलं होतं. मग जाणकार मेइकतिलाचं नाव का घेतात? आणि त्यात जनरल स्लिम यांचा स्वतःचा वाटा किती?

उत्तर : टिळकांमुळे मंडाले आपल्या ओळखीचं, म्हणून नजर तिकडेच जाते. जपानी सेनापती किमुरा यांचीही तिकडेच गेली, आणि ब्रिटिशांच्या 14व्या सैन्याचे (यात भारतीय जवानही होते) सेनापती स्लिम यांना नेमकं हेच हवं होतं. मंडालेच्या दक्षिणेला सुमारे 130 किलोमीटरवर मेइकतिला. जपान्यांची कोठारं, विमानतळ, रस्ते आणि रेल्वे तिथे एकवटलेली. ते हातचं गेलं की इरावतीकाठच्या फौजेची रसदच तुटणार होती.

स्लिम यांचा खरा मोठेपणा आधीची योजना वेळीच सोडण्यात आहे. इरावतीच्या अलीकडे, श्वेबोच्या मैदानात शत्रूला गाठायचं असं ठरलं होतं. पण स्लिम यांच्या 19व्या डिव्हिजनला (काही हजार जवानांची तुकडी) पुढे सरकताना फारसा विरोधच होईना. किमुरा नदीपलीकडे हटताहेत, हे स्लिम यांनी डिसेंबर 1944 च्या मध्यास ताडलं आणि आखणी फिरवली. स्टॉपफर्ड यांच्या 33व्या कोअरने (काही डिव्हिजन मिळून एक कोअर) मंडालेच्या आसपास नदी ओलांडून शत्रूला तिथे गुंतवायचं. मेसर्वी यांच्या चौथ्या कोअरने गांगाव खोऱ्यातून गुपचूप सुमारे 500 किलोमीटर दक्षिणेला उतरायचं. त्याच महिन्यात 75 अमेरिकी डकोटा मालवाहू विमानं चीनकडे वळवली गेली होती. हवाई रसदीवर जगणाऱ्या सैन्याला हा मोठा फटका होता, तरी स्लिम यांनी बेत सोडला नाही.

प्रश्न : एवढी मोठी कोअर लपवली कशी?

उत्तर : चौथ्या कोअरने बिनतारी संदेश बंद ठेवले. भारताच्या सीमेलगतच्या तामूजवळ तिचं बनावट मुख्यालय उभं केलं. 19वी डिव्हिजन आता 33व्या कोअरकडे होती, तरी त्या दोघांचे संदेश मुद्दाम या बनावट मुख्यालयामार्फत फिरवले जात. त्यामुळे चौथी कोअर अजून उत्तरेतच आहे असा जपान्यांचा समज राहिला. गांगाव खोऱ्यात आघाडीला पूर्व आफ्रिकी ब्रिगेड ठेवली होती. तिला पाहून मागे आख्खी कोअर असेल अशी शंका येणं कठीण होतं.

प्रश्न : नदी ओलांडताना काय बिघडलं?

उत्तर : 14 फेब्रुवारी 1945, न्यांगू; चौथी कोअर इथे इरावती ओलांडत होती. पहिली कंपनी पहाटेपूर्वी वल्ही मारत, आवाज न करता पार झाली. मागच्या तुकड्यांना यंत्रावरच चालायचं होतं, आणि घोळ तिथेच झाला. जुनी यंत्रं सुरू होईनात, काही होड्या गळत होत्या. प्रवाहाने त्या खाली ओढल्या आणि सरळ मशीनगनच्या माऱ्यात नेल्या. मग रणगाडे, तोफा आणि विमानांच्या आडोशाने पुढची तुकडी पार केली, तेव्हा कुठे पाय रोवता आला.

पुढे कोवन यांच्या 17व्या डिव्हिजनने शेरमन रणगाड्यांसह 3 मार्चला मेइकतिला घेतलं. पण खरी झुंज त्यानंतरची. ते परत घेण्यासाठी किमुरांना मंडालेकडची फौज वळवावी लागली. विमानतळाच्या कडेला जपानी इतके भिडले होते की रोज सकाळी धावपट्टी साफ केल्याशिवाय विमान उतरवता येत नसे, आणि शेवटी उतरणं थांबवून रसद पॅराशूटनेच टाकावी लागली. मंडाले 20 मार्चला पडलं. मार्चअखेर मेइकतिलाचा वेढाही सुटला आणि रंगूनचा रस्ता मोकळा झाला.