'माजी गायिका' की 'पूर्वाश्रमीची गायिका'?

प्रश्न असा आला आहे : व्हिक्टोरिया बेकहॅमबद्दल 'पूर्वाश्रमीची गायिका आणि आताची फॅशन डिझायनर' असं लिहिलेलं वाचलं. 'पूर्वाश्रमीची' हा शब्द लग्नाआधीच्या नावासाठी असतो ना? इथे 'माजी गायिका' नको का?

माझ्या कानाला 'माजी गायिका' खटकतं. 'माजी' मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. अर्थ 'होऊन गेलेलं'. उर्दूत तो अजूनही भूतकाळ या अर्थी नाम म्हणून वापरतात. मराठीने त्याचं विशेषण केलं आणि 'आज'वरून 'आजी' घडवून जोडी लावून दिली : आजी-माजी आमदार. (लहानपणी 'आजी-माजी पदाधिकारी' हे शब्द ऐकून मला व्यासपीठावर नऊवारीतल्या आज्या बसल्या असतील असं वाटायचं.)

हा शब्द कुठे शोभतो ते बघा. माजी सरपंच, माजी सैनिक, माजी विद्यार्थी. प्रत्येक ठिकाणी कुठला तरी हजेरीपट आहे, नेमणूक आहे. तिथून नाव कमी झालं की माणूस माजी. 'माजी क्रिकेटपटू' रुळलं, कारण तिथे निवृत्ती जाहीर होते. पण 'माजी कवी' म्हणून बघा, हसू येईल. गळा हे काही पद नव्हे. म्हणून 'माजी स्पाइस गर्ल' बिनचूक, कारण 'स्पाइस गर्ल्स' हा तिचा पाच गायिकांचा ठरलेला गट होता, 'वॉनाबी' या गाण्याने १९९६ मध्ये गाजलेला. 'माजी गायिका' मात्र गाणं ही नोकरी असल्यासारखं वाटतं.

आता 'पूर्वाश्रमीची'. हा आश्रम म्हणजे चार आश्रमांतला. संन्यास घेतला की नाव बदलतं, आणि आधीच्या आयुष्याचा उल्लेख करायचा तर 'पूर्वाश्रमीचे' म्हणतात : स्वामी विवेकानंद, पूर्वाश्रमीचे नरेंद्रनाथ दत्त. पुढे लग्नात नाव बदलणाऱ्या बायकांना हा शब्द लागला. खरं तर उलटाच प्रकार, संसार सोडणाऱ्याचा शब्द संसारात शिरणारीला! वर्तमानपत्रांनी तो आणखी ताणून व्यवसायबदलाला लावला. तेव्हा तुम्ही वाचलेलं चूक नाही, फक्त अर्थ दोन पायऱ्या खाली उतरलेला आहे.

या बाईंच्या बाबतीत गंमत अशी की दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. १९९९ च्या जुलैत आयर्लंडमध्ये फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमशी लग्न झालं, तोवर ती व्हिक्टोरिया अ‍ॅडम्स होती. गटाचे पहिले दोन अल्बम, १९९६ आणि १९९७ चे, त्याआधीचेच. म्हणजे ज्या गाण्यांनी नाव झालं ती पूर्वाश्रमीच्या अ‍ॅडम्सनेच गायली.

पण शब्दाच्या मुळाशी प्रामाणिक राहायचं तर एक अडचण आहे. पूर्वाश्रमात परत जाता येत नाही. संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांना आणि त्यांच्या मुलांना आळंदीत काय सोसावं लागलं ते आपल्याला ठाऊक आहे. ही मात्र २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपाला काळ्या टॅक्सीच्या टपावर उभी राहून चौघींबरोबर गायली, आणि दुसऱ्या दिवशी परत डिझायनर. वाळीत कोणी टाकलं नाही. म्हणून मी स्वतः 'एकेकाळची गायिका' लिहीन. त्यात पदही नाही, प्रतिज्ञाही नाही. तिला २०१७ च्या नववर्ष सन्मानांत मिळालेला 'ओबीई' हा ब्रिटिश सन्मानही फॅशन उद्योगातल्या कामासाठीच होता.

'डिझायनर'ला मराठी शब्द शोधत बसू नये. 'वेशभूषाकार' म्हटलं की नाटक-सिनेमा डोळ्यांपुढे येतो, ते काम वेगळं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला विशेषणापेक्षा क्रियापद जास्त महत्त्वाचं वाटतं. तिने गाणं 'सोडलं' की तिचं गाणं 'सुटलं'? 'सोडलं' म्हटलं की 'तिने' येतं, निर्णय तिचा होतो. 'सुटलं' म्हटलं की 'तिचं', आणि दोष कोणाचाच नाही. २००० च्या तिसऱ्या अल्बमनंतर गट थांबला. २००१ मध्ये तिचा एकटीचा अल्बम आला, तो ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेला. २००३ च्या अखेरीला आलेलं सिंगल (अल्बमविना सुटं काढलेलं गाणं) तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं, तरी दुसरा अल्बम निघालाच नाही. हे सगळं 'सुटलं'. मग सप्टेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कला तिने स्वतःच्या नावाचे मोजके पोशाख मांडले. हे 'सोडलं'. मराठीत दोन्ही धातू शेजारी-शेजारी असताना लेखक मंडळी सरसकट 'संगीताला रामराम ठोकला' का लिहितात, कोण जाणे.