नऊ नावांतून कोणती ठेवू?

प्रश्न : ताई, मी पेडण्याची. बारावी सायन्सला आहे, पीसीबी ग्रुप. फार्मसी करायचं नक्की आहे. वहीत नऊ कॉलेजांची नावं लिहिली आहेत: पणजी, फार्मागुढी, सावंतवाडी, कोल्हापूर, बेळगाव, मणिपाल, म्हैसूर आणि मुंबईची दोन. बाबा रिक्षा चालवतात. एवढ्या ठिकाणी अर्ज करायचे म्हटले तर फॉर्मचेच पैसे किती होतील! त्यात एका एजंटाचा फोन आला. पुण्याजवळच्या कॉलेजात सीट आहे, आताच पैसे भरून अडवून ठेवा, म्हणाला. फार्म. डी. केलं की नावाआधी डॉक्टर लावता येतं असंही ऐकलं. ते करू का? आणि माझ्याकडे गणित नाही, त्याने अडेल का? – एक विद्यार्थिनी, पेडणे

उत्तर : आधी गणिताचं मिटवू. बी. फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या पदवीला, फिजिक्स आणि केमिस्ट्री लागतंच, त्यासोबत गणित किंवा बायोलॉजी यांतलं एक असलं की झालं. बायोलॉजीवाल्यांना पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल मॅथ्स असतं. लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, थोडं कॅल्क्युलस वगैरे. बारावीच्या केमिस्ट्रीतली गणितं तुला सुटत असतील तर ते जमेल.

एजंटाचंही आताच सांगते. त्याचा फोन पुन्हा आला तर घेऊ नकोस आणि बाबांनाही घेऊ देऊ नकोस. बारावीचा निकाल लागायच्या आधी, कसलीही पावती न देता पैसे मागणारा माणूस कॉलेजसाठी नाही, स्वतःसाठी काम करतो. कुठल्याही कॉलेजाचा विचार करताना फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी उघड. नुसतं कॉलेजाचं नाव दिसलं म्हणून थांबू नकोस. मान्यता कोर्सप्रमाणे मिळते. डी. फार्म.ची (डिप्लोमाची) आहे आणि बी. फार्म.ची नाही असंही असू शकतं. कोर्स कोणता, कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत, किती जागांना, या तिन्ही गोष्टी पाहा. मान्यता नसलेल्या कॉलेजातून चार वर्षांनी पदवी घेऊन आलीस तर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होणार नाही. मग त्या कागदाचं करायचं काय?

आता नऊ नावांकडे येऊ. तुझ्या पत्रात कॉलेजांची नावं आहेत, पण शिकून झाल्यावर कुठे उभं राहायचंय ते कुठेच नाही. कंपनीत? इस्पितळात? स्वतःच्या दुकानात? पुढे संशोधनात? आताच पक्कं ठरव असं मी म्हणत नाही. पण कल कुठे आहे हे आईबाबांशी बसून बोललीस तर अर्धी यादी आपोआप गळेल.

कंपनीकडे कल असेल तर तू मोक्याच्या ठिकाणी राहतेस. वेर्ण्याला सिप्ला, ल्युपिन, इंडोको; पिळर्णला युनिकेम; कोलवाळला ग्लेनमार्क; मडकईला एनक्युब. गोव्याएवढ्या लहान राज्यात औषधांचे इतके कारखाने आहेत, आणि तिथे प्रॉडक्शन, क्यूसी (मालाची तपासणी), क्यूए (दर्जाची हमी) या खात्यांत बी. फार्म. झालेली मुलं लागतात. प्रॉडक्शन किंवा टेस्टिंगसाठी एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) मंजुरी मिळालेला तांत्रिक माणूस व्हायचं तर पदवीनंतर कारखान्यातला अनुभवही दाखवावा लागतो. शिकताना सुट्टीतलं ट्रेनिंग, सातव्या सेमिस्टरची प्रॅक्टिस स्कूल, आठव्याचा प्रोजेक्ट हे सगळं ज्या कॉलेजच्या पोरांना अशा कारखान्यांत मिळतं, त्यांचा पाया तिथेच पडतो. म्हणून कंपनीत जायचं असेल तर दूरच्या कॉलेजाचं मला फारसं कौतुक नाही.

मी वेर्ण्याला क्यूएमध्ये बरीच वर्षं काढली. नव्या मुलांच्या मुलाखतींना बसायचे. माझा एक ठरलेला प्रश्न असे: डिसोल्यूशन टेस्ट (गोळी द्रवात कशी विरघळते ते पाहणारी चाचणी) लावायची आहे, काय काय करशील? व्याख्या सगळ्यांना पाठ. पण ज्यांनी स्वतः हाताने टेस्ट लावलेली असे ती मुलं वेगळंच बोलायची. मीडियम, म्हणजे भांड्यातला द्रव, आधी डिगॅस करायचं, त्यातली हवा काढायची, नाहीतर गोळीला बुडबुडे चिकटतात आणि ती वर येते. सहाही भांड्यांचं तापमान प्रत्यक्ष मोजायचं, सदतीस अंश, पॅनेलवरच्या आकड्यावर विसंबायचं नाही. सॅम्पल काढताना पिपेट पॅडलच्या (ढवळणाऱ्या पात्याच्या) वरच्या कडेच्या आणि पाण्याच्या पातळीच्या मध्ये धरायची, भांड्याच्या भिंतीपासून निदान एक सेंटिमीटर आत. हे पुस्तकात आहे, पण सांगताना ज्याचा हात आपसूक तसा वळतो त्याने ते केलेलं असतं. आणि ही मुलं नेहमी नावाजलेल्या कॉलेजांतलीच असत असं मुळीच नव्हतं. काही लहान कॉलेजांतली होती, जिथे एका बॅचला मुलं कमी आणि शिकवणारी बाई कडक. उलट मोठ्या नावाच्या कॉलेजातून आलेल्या काहींनी ते मशीन फक्त पाहिलेलं असे, डेमोला, पाठीमागच्या रांगेतून.

म्हणून माझा सल्ला एकच आहे, आणि तो मी सगळ्यांना देते. अर्ज करायच्या आधी कॉलेज जाऊन बघ, आणि तेही कॉलेज चालू असताना. ऑफिसात फी विचारून परत येऊ नकोस. फार्मास्युटिक्सची लॅब दाखवा म्हण. टॅब्लेट पंचिंग मशीन असेल, त्याच्या पंचांवर हलकं तेल आहे की गंज? मशीनशेजारी लॉगबुक टांगलेलं असतं. ते उघड. शेवटची नोंद कधीची आहे? गेल्या आठवड्यातली असेल तर मशीन चालतं. दोन वर्षांपूर्वीची असेल, किंवा एकाच पेनाने एकाच दिवशी सगळी पानं भरल्यासारखी दिसत असतील, तर समजून जा. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बाटल्यांवरच्या तारखा बघ. एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) कापडाखाली झाकलेलं असेल तर विचार, शेवटचं कधी लावलं होतं? ग्रंथालयात इंडियन फार्माकोपियाची (औषधांच्या दर्जाचे निकष देणाऱ्या अधिकृत ग्रंथाची) ताजी आवृत्ती आहे का, तेही विचार.

मग बाहेर पडून थर्ड इयरच्या मुलींना गाठ, कॅन्टीनमध्ये किंवा बसस्टॉपवर. त्यांना विचार: प्रॅक्टिकलला एका टेबलावर किती जणी? टायट्रेशन प्रत्येकीला करायला मिळतं की एक करते आणि बाकीच्या रीडिंग उतरवतात? फॅकल्टीच्या यादीत जेवढी नावं आहेत तेवढी माणसं रोज वर्गावर येतात का? ट्रेनिंगसाठी कंपनी कोण शोधतं, कॉलेज की तुम्ही? या मुली खरं सांगतात. त्यांच्याकडून दहा मिनिटांत जे कळेल ते माहितीपत्रकात सापडायचं नाही.

रँकिंगबद्दलही बऱ्याच जणी लिहितात. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत फार्मसीची वेगळी यादी असते. ती बघायला हरकत नाही, पण तिथे संशोधनाला बरंच वजन असतं. एम. फार्म. किंवा पीएच.डी.ला जाताना मी ती नक्की पाहीन. बी. फार्म.साठी मी लॉगबुक पाहीन.

फार्म. डी.चं थोडं सविस्तर सांगते, कारण त्या ‘डॉक्टर’पायी बरीच घरं फसतात. हा कोर्स आपल्याकडे २००८ मध्ये सुरू झाला. पाच वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे सहा वर्षं. यात खरं शिक्षण वॉर्डात होतं. रुग्णाची केसशीट वाचायची, कोणतं औषध कशाबरोबर जुळत नाही ते डॉक्टरांच्या नजरेस आणायचं, डोस तपासायचा. म्हणून नियमानेच कॉलेजाला किमान ३०० खाटांच्या इस्पितळाची जोड लागते. मणिपालला कस्तुरबा हॉस्पिटल आहे, म्हैसूरला जेएसएसचं, बेळगावला केएलईचं. फार्म. डी. करायचंच असेल तर अशाच ठिकाणी कर. जिथे इस्पितळ फक्त करारात आहे आणि वॉर्डात मुलांना कोणी विचारत नाही, तिथे सहा वर्षं घालवू नकोस. रुग्णांना औषधं लिहून देण्याचा अधिकार या पदवीने मिळत नाही, हे घरच्यांनाही सांग. अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायचं ज्यांचं ठरलेलं असतं त्यांच्यासाठी मात्र याला अर्थ आहे. तिथल्या परीक्षेला बसायला पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम लागतो आणि आपली बी. फार्म. चार वर्षांची आहे. तुझ्या पत्रात परदेशाचा उल्लेख नाही, वॉर्डात काम करण्याची ओढही दिसली नाही. फी आणि राहण्याजेवणाचा सहा वर्षांचा खर्च बघता मी तुला हे सुचवणार नाही. त्यामुळे मणिपाल आणि म्हैसूर ही दोन नावं मी खोडली.

उरलेल्यांत पहिलं पणजी. अठरा जून रस्त्यावरचं गोवा कॉलेज ऑफ फार्मसी सरकारी आहे, त्यामुळे फी घराला झेपेल अशी. पणजीतलं औषधशास्त्राचं शिक्षण १८४२ मध्ये सुरू झालेल्या एस्कोला मेडिको सिरुर्जिकापासून चालत आलंय. गोंयकारांनी याचा अभिमान बाळगायला हवा, आपण तो फारसा बाळगत नाही. पेडण्याहून म्हापसामार्गे कदंबच्या बसने रोज येजा होईल. दमशील, पण होस्टेलचा खर्च वाचेल.

दुसरं फार्मागुढीचं बांदेकर कॉलेज. तिथे तू रोज जाऊ-येऊ शकणार नाहीस. आधी पणजी, मग तिथून फोंड्याची बस, यातच दिवस जाईल. फोंड्यात राहायची सोय काय, किती पैशांत, हे आधी बघून ये. कुंडई आणि मडकईच्या वसाहती तिथून जवळ आहेत, ट्रेनिंगच्या दृष्टीने ते चांगलं.

या दोन्हींचे प्रवेश पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होतात. त्या वर्षीचं माहितीपत्रक मुळापासून वाच. शेजारच्या ताईने दोन वर्षांपूर्वी केलं तसंच यंदा असेल असं धरू नकोस, प्रवेशाचे नियम बदलतात.

सावंतवाडी पेडण्याला जवळ म्हणून ठेव. पण तू महाराष्ट्राबाहेरची. तिथे एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा द्यावी लागेल आणि बाहेरच्या उमेदवारांना कोणत्या जागा खुल्या आहेत ते कॉलेजात विचारून घ्यावं लागेल. सीईटीचा फॉर्म बारावीची परीक्षा व्हायच्या आधीच भरतात, गोव्यातली मुलं इथेच चुकतात. सीईटी देतेच आहेस तर मुंबईतलं एक ठेव. माटुंग्याचं आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) किंवा कालिन्याचं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी. दोन्हीकडे चढाओढ फार आहे. पण तुझे मार्क तेवढे आले आणि संशोधनाची आवड निघाली तर घर सोडायच्या योग्यतेची ती ठिकाणं आहेत. कोल्हापूर खोड. तिथे जे मिळेल ते तुला पणजीला कमी खर्चात मिळेल. बेळगाव राखीव म्हणून असू दे, फी पूर्ण समजून घेतल्यावरच.

म्हणजे पाच नावं उरली. पर्याय भरताना खऱ्या आवडीच्या क्रमाने भर. ‘हे मिळणार नाही’ म्हणून आवडतं नाव खाली ढकलू नकोस. वर लिहिल्याने खालचं कॉलेज हातचं जात नाही. मामलेदार ऑफिसातला रहिवासी दाखला आताच काढायला टाक. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते आजच बघ.

प्रश्न : मुलाला बारावीला बेताचेच मार्क पडतील. वाळपईला स्वतःचं मेडिकल स्टोअर काढायचं त्याच्या मनात आहे. डी. फार्म. पुरेल की बी. फार्म.च करायला लावू? ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, शिकायची गरज नाही, कुणाचं तरी सर्टिफिकेट भाड्याने घ्या. – एक पालक, सत्तरी

उत्तर : दुकानासाठी डी. फार्म. पुरेसं आहे. दोन वर्षं कॉलेज आणि मग किमान तीन महिने, ५०० तासांचं प्रत्यक्ष ट्रेनिंग. २०२२ च्या नियमांनी डिप्लोमानंतर एक एक्झिट परीक्षाही आली आहे, म्हणून नुसतं पास करून देणारं कॉलेज शोधू नका, शिकवणारं शोधा. नंतर वाटलंच तर डी. फार्म.वरून बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. तो दरवाजा बंद होत नाही.

सर्टिफिकेट भाड्याने घेण्याचा विचार कृपा करून मनातून काढा. फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं, भिंतीवर टांगलेल्या फ्रेमने नाही. सत्तरीतल्या गावांतून म्हातारी माणसं येतात, चिठ्ठी इंग्रजीत, गोळ्या तीन तऱ्हेच्या. मधुमेहाची गोळी जेवणाआधी की नंतर, हे त्यांना काउंटरवरचा माणूसच सांगतो. तो न शिकलेला असेल तर त्या म्हातारीचं काय होईल याचा विचार करा.

ट्रेनिंगसाठी मुलाला ओळखीच्या दुकानात नुसतं बसवू नका. जिथे फार्मासिस्ट स्वतः काउंटरवर उभा असतो, एक्सपायरीचा माल वेगळ्या कपाटात असतो, इन्सुलिनच्या फ्रिजचं तापमान रोज लिहिलं जातं आणि शेड्यूल एच-वनचं (ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्या औषधांचं) रजिस्टर भरलं जातं, अशा दुकानात ठेवा. आणि वाळपईला गाळा बघताना क्षेत्रफळ मोजून घ्या. किरकोळ विक्रीच्या परवान्याला किमान १० चौरस मीटर लागतात. त्याहून लहान गाळ्यासाठी पागडी देऊ नका.