नुसत्या जाडीसाठी दवाखान्यात?

प्रश्न : मॅडम, माझं वय ४१, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. मागच्या महिन्यात आशाताई घरी आल्या, कंबरेला टेप लावली, ९६ सेंटिमीटर भरली. फॉर्म भरून म्हणाल्या, उपकेंद्रात दाखवून या. घरात सगळे हसले. ताप नाही, दुखणं नाही, नुसत्या जाडीसाठी दवाखान्यात कोण जातं? आईला मधुमेह आहे. मी खाते कमीच, सोमवार-गुरुवार उपवासही धरते. जावेनं वजन उतरवायची महागडी पावडर आणलीय. घेऊ का?
– एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : हसणाऱ्यांना हसू द्या, तुम्ही जा. मी आरोग्य केंद्रात नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडची टेप गरोदर बाईच्या पोटाखेरीज कुणाला लागत नसे. जाड माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा, एवढंच आमचं निदान. ते चुकीचं होतं.

बाईची कंबर ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या पुढं गेली की पोटातल्या चरबीची काळजी करायची. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३२ येतो. आपल्या लोकांत २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याला मधुमेह कमी वजनातही गाठतो. त्यात आईचा वारसा. आशाताईंच्या फॉर्मवर वय, कंबर, हालचाल, घरातला आजार यांचे गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की आधी तपासायचं. तुमची गेलीच असणार.

उपकेंद्रावर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी असेल. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी बीपी बघतील, बोटातून रक्त घेऊन साखर तपासतील. पैसे पडत नाहीत. साखर जास्त निघाली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडे पाठवतील. काही निघालं नाही तरी वजन-कंबर लिहून घ्यायला सांगा आणि दर महिन्याला त्याच काट्यावर उभ्या राहा.

आता ‘कमीच खाते’. तुम्ही खोटं बोलत नाही हो. ताटातलं कमीच असतं, कढईतलं कुणी मोजत नाही. घरात पाच माणसं आणि महिन्याला सहा लिटर तेल, हे मी घरोघर ऐकलंय. म्हणजे माणशी रोज ३६ ग्रॅम झालं. चार लिटरवर आणा, २५ ग्रॅमच्या आत याल. भाजीला चमचा मोजत बसू नका, विसराल. डबा फोडल्याची तारीख त्याच्यावरच लिहा आणि महिन्याच्या आत दुसरा फोडायचा नाही. कुरकुर होईल, विशेषतः भज्यांच्या दिवशी. उपवास सोडा म्हणणार नाही, पण साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप मिळून ती खिचडी भाकरी-भाजीपेक्षा जड पडते. वाटीभर खिचडी, बाकी ताक आणि पेरू-पपई.

चालायचं आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. गावात बाई नुसती चालायला निघाली की ‘कुठं निघालीस?’ सुरू होतं. आमच्याकडच्या बचत गटातल्या बायकांनी पहिले काही दिवस हातात रिकामी कळशी धरली! महिनाभरात कळशी सुटली, चालणं राहिलं. जावेला सोबत घ्या.

पंधरा किलो उतरवायचे मनात आणू नका. सहा महिन्यांत चार-पाच किलो उतरले तरी मधुमेहाचा धोका बराच खाली येतो.

पावडर? नको. पण जावेवर चिडूही नका. केंद्रात जाताना तो डबा पिशवीत टाका आणि मागच्या बाजूला काय छापलंय ते तिथल्या मॅडमकडून दोघींनी मिळून समजून घ्या.