सणाच्या गर्दीत कॅमेरा घेऊन कुठे उभं राहायचं?

तुम्ही विचारलंय की पंचेचाळिशीत, नोकरी सांभाळून फोटोग्राफीचा छंद लागला तर उशीर झाला का. आणि सणाच्या दिवशी दोन-तीनशे फोटो काढूनही सगळे इतरांच्या फोटोंसारखेच दिसतात, तेव्हा आता नवा कॅमेरा घ्यावा का.

उशिराचं आधी सांगते. ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ साली मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. कोळशाच्या खोलीत त्यांनी डार्करूम, म्हणजे फोटो धुवायची अंधारी खोली केली, कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्यात स्टुडिओ थाटला. त्यांनी काढलेली माणसांची छायाचित्रं आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. नोकरीचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या व्हिव्हियन मायर लोकांची मुलं सांभाळायचं काम करत आणि गळ्यात कॅमेरा अडकवून रस्त्यावरची माणसं टिपत. लाखाहून जास्त फोटो त्यांनी काढले, आणि २००७ साली त्यांच्या सामानाचा लिलाव होईपर्यंत ते जवळपास कुणी पाहिलेच नव्हते. मला स्वतःला या छंदात पंधरा वर्षं झाली. माझंही पोट दुसऱ्या कामावर चालतं, आणि त्यामुळेच कुणाला काय हवंय याचा विचार न करता मला आवडेल ते टिपता येतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

आता फोटो सारखे का येतात ते. मिरवणूक असो, दिव्यांची रोषणाई असो की आतषबाजी, सगळे एकाच बाजूला तोंड करून उभे असतात. मीही पहिली काही वर्षं धक्के खात सगळ्यात पुढे जायचे. एका वर्षी गर्दीचा रेटा असा आला की मी पार कडेला ढकलले गेले आणि समोरचं काहीच दिसेना. मागे वळले. एका माणसाच्या खांद्यावर चार-पाच वर्षांची मुलगी बसली होती. ढोल अगदी जवळून चालले होते आणि तिने दोन्ही हातांनी बापाचे कान गच्च झाकून धरले होते. स्वतःचे कान मात्र उघडेच. मी दोन फोटो घेतले, तेवढ्यात गर्दी पुढे सरकली आणि त्यांना फोटो दाखवायचं राहून गेलं.

त्या दिवसापासून मी सणाकडे पाठ करून उभी राहते. जे बघायला सगळे आलेत त्याचा उजेड बघणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पडलेला असतो, आणि तिथे दोन माणसं कधी सारखी नसतात.

दिव्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण माझा जीव त्यातच अडकलाय. कुणी वाऱ्यात दिवा लावत असेल तर हात बघा. काडी पेटते, दुसरा तळवा आपोआप ज्योतीभोवती येतो आणि बोटांच्या फटी आतून तांबूस दिसू लागतात. वात धरेपर्यंत माणूस श्वास रोखून असतो, मग खांदे सैल पडतात आणि चेहरा उजळतो. मला तो खांदे सैल पडतानाचा क्षण हवा असतो. तो एकदाच येतो, त्यामुळे सगळं आधी ठरवून ठेवावं लागतं. एक, फ्लॅश बंद. फ्लॅश उडाला की ज्योतीचा उजेड त्यात बुडून जातो आणि दिवा विझल्यासारखा दिसतो. दोन, ज्योत चेहऱ्याच्या जवळ असू द्या. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, म्हणजे एक हातावरून दोन हातांवर गेलेला दिवा चेहरा जवळजवळ अंधारात टाकतो. तीन, व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग सावरायची कॅमेऱ्यातली सोय, ऑटोवर ठेवू नका. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा. ज्योतीचा रंग साधारण १९०० केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास. कॅमेरा आपला शहाणपणा करून तो पिवळेपणा पुसायला बघतो. मी ३५०० च्या जवळपास ठेवते, त्यात ज्योत सोनेरी राहते आणि कातडी भगवी होत नाही. मोबाइलवर काढत असाल तर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथेच बांधला जाईल, मग बोट खाली ओढून फोटो थोडा काळोखा करा. रात्र रात्रीसारखी दिसली पाहिजे.

नवा कॅमेरा? माझं स्पष्ट मत, नको. आहे त्याच कॅमेऱ्याला बसणारी ५० मिलीमीटरची एफ १.८ लेन्स घ्या (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), जुनी मिळाली तरी चालेल. कॅमेऱ्यासोबत येणारी झूम लेन्स पुढे ताणली की बहुधा एफ ५.६ वर येते. तिच्यापेक्षा ही लेन्स जवळपास दहापट उजेड आत घेते. शिवाय झूम नसल्यामुळे पायांनी पुढेमागे व्हावं लागतं, आणि माणसांच्या जवळ जायची सवय लागते. आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चेहरा चालत नाही. नाचणाऱ्यांसाठी शटर निदान सेकंदाच्या २५० व्या भागावर हवं. ढोल वाजवणाऱ्याचा मात्र ३० व्या भागावर घेऊन बघा: चेहरा स्थिर आणि टिपरूचा नुसता झोत, आवाज फोटोत उतरल्यासारखा वाटतो. दहातले आठ वाया जातील, जाऊ द्यात.

रंग उधळत असतील तिथे लेन्स अजिबात बदलू नका, आणि काचेवर भुकटी बसली तर कपड्याने पुसू नका, ओरखडे पडतात. आधी ब्लोअरने, म्हणजे हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने उडवा. आतषबाजीसाठी ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ११ आणि दोन ते चार सेकंद, एवढं पुरतं. तिथेही एखादा फोटो झाल्यावर मागे वळून बघाच.

एक गोष्ट मात्र पाळा. कुणी रडत असेल, प्रार्थनेत असेल, तर आधी कॅमेरा खाली. नजरेने विचारा. नाही म्हटलं की नाही. आणि वर्षातून दहा फोटो तरी कागदावर छापून ज्याचे त्याला नेऊन द्या. फोनमध्ये हजारो पडलेले असतात, हातात दिलेला एक फोटो मात्र माणूस जपून ठेवतो.

त्या मुलीचा फोटो मी छापला आणि पुढच्या वर्षी त्याच मिरवणुकीला पिशवीत घेऊन गेले. दोन तास शोधल्यावर तो माणूस दिसला. मुलगी आता खांद्यावर नव्हती, त्याचा हात धरून उभी होती. फोटो त्याच्या हातात दिला. कान झाकले होते हे त्याला चांगलंच आठवत होतं. तिचे स्वतःचे उघडे होते, हे त्याला तोवर माहीत नव्हतं.